परदेशाची वाट ग्रामपंचायतीच्या दप्तरातून

२३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर आणि आष्टी यांच्या दरम्यान प्रवासी रेल्वे सुरू झाली, तेव्हा ती पाहायला जमलेल्या गर्दीत मीही होतो. पुढे १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, ती बीडपर्यंत पोहोचली. कित्येक दशके केवळ निवेदनांत आणि निवडणुकीच्या भाषणांत धावणारी गाडी प्रत्यक्ष रुळांवर आली, हा आमच्या पिढीच्या भाग्याचा क्षण होता. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हा बालाघाटाच्या कुशीतला कोरडवाहू टापू. येथील माणसाला प्रवास नवा नाही. दसरा-दिवाळी झाली की संसार टायरगाडीत घालून ऊसतोडीला निघायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परतायचे, हे येथील अनेक कुटुंबांचे वर्षाचे चक्र आहे. या प्रवासाला तिकीट लागत नाही आणि कागदही लागत नाही. मुकादमाची उचल घेतली की कागदाचा विषय संपला.

आता मात्र याच कुटुंबांतील मुले-मुली परिचारिका झाली आहेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वेल्डर व फिटर होऊन बाहेर पडत आहेत, अभियंते होत आहेत. त्यांना आखात दिसते, जर्मनी दिसते, इंग्लंड दिसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, तेव्हा त्याची चर्चा आमच्या कडा-धामणगावच्या पारावरही झाली. स्वप्न पाहण्याचा अधिकार पुण्या-मुंबईच्या मुलांपुरता राहिलेला नाही, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु या स्वप्नाच्या वाटेवर पहिला अडसर कोठे येतो, याचा विचार आपण केलेला नाही. तो विमानतळावर येत नाही, दूतावासाच्या खिडकीवरही येत नाही. तो येतो कोण्या ग्रामपंचायतीच्या कपाटात, जन्मनोंदीच्या वहीत. हे मी वाचून सांगत नाही. त्या अडसरातला एक दगड मी स्वतः ठेवलेला आहे.

एक जूनची मुले

दोन वर्षांपूर्वी एक तरुणी कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आली. माझी जुनी विद्यार्थिनी. आईवडील ऊसतोडीला जात, ही आजीजवळ राहून शिकली, पुढे परिचारिकेचा अभ्यासक्रम पूर्ण करून पुण्यात नोकरीला लागली. परदेशातील एका रुग्णालयात तिची निवड झाली होती. पारपत्र, म्हणजे रूढ भाषेतला पासपोर्ट, तिच्याजवळ होता. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून तो विनासायास मिळाला होता. निवासाच्या परवान्यासाठी मात्र तिकडून जन्मदाखला मागण्यात आला. तिचा जन्म सांगली जिल्ह्यातील एका कारखान्याच्या फडावर, कोपीत झालेला. त्या गावच्या ग्रामपंचायतीत चौकशी केली, तर सुदैवाने नोंद सापडली. तेथील आरोग्यसेविकेने ती करून ठेवली होती. परंतु नावाच्या रकान्यात काहीच नव्हते, आईचे नाव माहेरचे होते आणि तारीख होती १८ जानेवारी. पारपत्रावर, दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि पदविकेवर तारीख होती १ जून.

तिने शांतपणे विचारले, "गुरुजी, माझी तारीख तुम्ही लिहिली होती का?"

मीच लिहिली होती. तिची आजी तिला शाळेत घेऊन आली, तेव्हा जन्माचा कागद मागण्याची पद्धत नव्हती आणि मागितला असता तरी मिळाला नसता. मूल जूनमध्ये सहा वर्षांचे पूर्ण भरले पाहिजे, म्हणून आम्ही शिक्षक सरसकट १ जून लिहीत असू. महाराष्ट्राच्या कोणत्याही खेड्यातील शाळेचे जुने जनरल रजिस्टर उघडून पाहा, १ जूनला जन्मलेल्यांची रांग दिसेल. त्या दिवशी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा पाऊस पडतो आणि आपण हसतो. मीही हसत असे. तिच्या आईला विचारले, तेव्हा ती माउली म्हणाली, "संक्रांत होऊन चार दिस झाले व्हते, गुरुजी. मला कुणी इचारलंच न्हाई." आईला तारीख ठाऊक होती, ग्रामपंचायतीला ठाऊक होती. ज्याच्या हातात लेखणी होती, त्यानेच ती विचारली नाही.

दोन तारखांची व्यक्ती म्हणजे परदेशी अधिकाऱ्याच्या दृष्टीने दोन व्यक्ती. प्रकरण परत आले. रुग्णालय थांबले नाही, जागा दुसऱ्या कोणाला मिळाली.

नोंद या शब्दाचे मोल

गेल्या काही वर्षांत मराठवाड्याला 'नोंद' या शब्दाचा अर्थ नव्याने कळला. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, निजामकालीन दप्तरे उघडली गेली, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. 'तुमची नोंद सापडली का?' हा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला. त्या प्रश्नाच्या राजकारणात येथे शिरण्याचे कारण नाही. त्यातून एक धडा मात्र सर्वांनी घ्यावा. पणजोबांच्या काळी कोण्या कारकुनाने लिहिलेली एक ओळ आज नातवंडाचे भवितव्य ठरवू शकते. मग आज आपण लिहितो किंवा लिहायचे टाळतो, ती ओळ उद्या कोणाचे भवितव्य ठरवील?

एके काळी परदेशगमनाला कागद लागत नव्हता. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांच्यापुढे समाजाच्या रोषाचा डोंगर होता, पण पारपत्र-व्हिसाची आजची व्यवस्था अस्तित्वात नव्हती. पहिल्या महायुद्धानंतर जगाने सीमांवर कागद मागायला प्रारंभ केला आणि १९२० मध्ये आपल्याकडेही पारपत्राचा कायदा आला. स्वातंत्र्यानंतरही पारपत्र देणे हा सरकारच्या मर्जीचा विषय मानला जाई. एप्रिल १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी खटल्यात परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचा निर्णय दिला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये आजचा पारपत्र कायदा अमलात आला. थोडक्यात, पारपत्र मिळणे हा भारतीय नागरिकाचा अधिकार आहे, कोणाची कृपा नव्हे. परंतु हा अधिकार ज्या पायावर उभा राहतो, तो पाया नोंदीचा आहे. पायाच कच्चा असेल, तर न्यायालयाने दिलेला अधिकारही माणसाच्या हाती येत नाही.

या अधिकाराची वाट सुलभ करण्याचे प्रयत्न शासनाने केले, हे मान्य केले पाहिजे. २०१७ पासून टपाल कार्यालयांतून पारपत्र सेवा केंद्रे सुरू झाली आणि खेड्यातील माणसाची मोठ्या शहराची फेरी वाचली. डिसेंबर २०१६ च्या नियमांनी जन्मतारखेच्या पुराव्यासाठी शाळेचा दाखला, आधार, पॅनकार्ड असे अनेक पर्याय खुले केले. विवाहाचा दाखला जोडण्याची सक्ती गेली. साधू-संन्याशांना आईवडिलांच्या जागी गुरूचे नाव देण्याची मुभा मिळाली. आपल्या परंपरेची दखल घेणारा हा नियम अनेकांना आजही माहीत नाही.

तथापि याच सुलभतेने एक भ्रम निर्माण झाला. पारपत्र मिळाले म्हणजे कागद पूर्ण झाले, असे लोक समजू लागले. पारपत्र आपले सरकार देते, निवासाचा परवाना दुसऱ्याचे सरकार देते. आपल्या सरकारला शाळेचा दाखला पुरतो, दुसऱ्याला पुरत नाही. तो जन्मदाखला मागतो, विवाहनोंदणी मागतो, पदविकेवर परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर मागतो. हेग कराराचे सदस्य असलेल्या बहुतेक देशांसाठी अपोस्टिल नावाची एकच मोहोर पुरते, ही सोय भारताला जुलै २००५ पासून मिळाली आहे. संयुक्त अरब अमिरातीसारख्या करारात नसलेल्या देशांसाठी मात्र त्या देशाच्या दूतावासाचेही साक्षांकन लागते. अपोस्टिलचे सरकारी शुल्क एका कागदाला ५० रुपये आहे. मध्यस्थ त्यासाठी हजारांच्या भाषेत बोलतात आणि आपण निमूटपणे मोजतो, कारण आपल्याला माहिती नसते.

नाव, गाव आणि त्यांची रूपे

जन्मतारखेच्या जोडीला दुसरा घोळ नावाचा. आपली नाव लिहिण्याची रीत मोठी अर्थपूर्ण आहे. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, मग आडनाव. व्यक्ती एकटी नसते, ती कुळाशी जोडलेली असते, असे ही रीत सांगते. पारपत्राच्या अर्जात मात्र दोनच रकाने असतात, दिलेले नाव आणि आडनाव. वडिलांचे नाव कोणी पहिल्या रकान्यात लिहितो, कोणी गाळतो. लग्नानंतर मुलीचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, काही घरांत पहिले नावही बदलले जाते. दहावीचे प्रमाणपत्र माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, बँकेचे खाते तिसऱ्याच रूपात. त्यात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदांत वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला आहे. मातृशक्तीचा हा गौरव स्वागतार्हच आहे. पण त्या मुलाचे नाव सर्वत्र त्याच क्रमाने आणि त्याच वर्णांत लिहिले जाईल, याची काळजी आईबापांनी पहिल्या दिवसापासून घेतली पाहिजे, अन्यथा वीस वर्षांनी तेही कागदांची पिशवी घेऊन कोणाच्या तरी दारात उभे राहील.

गावाच्या नावाचेही तसेच. आष्टी रोमन लिपीत कोणी एका 'ए'ने लिहितो, कोणी दोन. शिवाय महाराष्ट्रात आष्टी नावाची गावे एकाहून अधिक आहेत, म्हणून तालुका व जिल्हा लिहिणे अगत्याचे ठरते. आमच्याकडील पुष्कळ मुलांचा जन्म नगरच्या रुग्णालयांत झालेला, त्यांच्या जन्मदाखल्यावर अहमदनगर आहे. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर व धाराशिव आणि २०२४ मध्ये अहिल्यानगर ही नावे अधिकृत झाली. पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव आपल्या शेजारच्या जिल्ह्याला मिळाले, याचा अभिमान आष्टीकरांनाही आहे. परंतु परदेशातील कारकुनाला हा इतिहास ठाऊक नाही. त्याला अहमदनगर आणि अहिल्यानगर ही दोन शहरे वाटतात. म्हणून अशा अर्जदाराने नामांतराच्या राजपत्राची एक प्रत आपल्या कागदांसोबत ठेवावी. नामांतरासाठी समाजाने जी चिकाटी दाखवली, तिचा शतांश या लहानशा व्यवस्थेसाठी दाखवला तरी काम भागेल.

पैसे देऊन विकत घेतलेला अंधार

कागद कच्चे असले की माणूस मध्यस्थाच्या हातात जातो. आमच्या भागाला मुकादम नवा नाही. तो आधी उचल देतो आणि मग हंगामभर माणूस बांधून ठेवतो. परदेशी पाठवणारा लबाड मध्यस्थ याच्या उलट करतो. आधी पैसे घेतो, पारपत्र ताब्यात ठेवतो आणि मग माणूस वाऱ्यावर सोडतो. दोन्हीकडे कर्ज गरिबाच्याच डोक्यावर राहते.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. त्यांत बहुसंख्य पंजाब, हरियाणा आणि गुजरातचे होते, पण ३ जण महाराष्ट्रातीलही होते. पुढच्याच महिन्यात म्यानमारच्या सीमेवरील सायबर गुन्हेगारीच्या अड्ड्यांत अडकलेल्या ५४९ भारतीयांना वायुसेनेच्या विमानांनी थायलंडमार्गे परत आणले. चांगल्या नोकरीचे आमिष दाखवून त्यांना नेण्यात आले होते. आपले सरकार त्यांच्यासाठी विमान पाठवते, ही समाधानाची बाब आहे. पण विमान पाठवण्याची वेळच येऊ नये, हे पाहणे समाजाचे काम आहे.

१९८३ च्या उत्प्रवास कायद्याचे संरक्षण यासाठीच आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगाराला आखाती देशांसह १८ ठराविक देशांत नोकरीसाठी जाताना उत्प्रवास संरक्षकांची परवानगी घ्यावी लागते. या परवानगीला लोक कटकट समजतात. वस्तुतः ती ढाल आहे. तिच्यामुळे नोकरीचा करार तपासला जातो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचे १० लाख रुपयांचे छत्र मिळते. नोंदणीकृत भरती संस्थेला कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरील कर घेता येतो, आणि ती नोंदणीकृत आहे की नाही हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. जो मध्यस्थ 'पर्यटक व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर कामाचा करून देऊ' असे म्हणतो, तो ही ढाल काढून घेत असतो. पारपत्राच्या बाबतीत कायदा आणखी स्पष्ट आहे. पारपत्र ही भारत सरकारची मालमत्ता आहे. जिच्यावर आपला स्वतःचाही पूर्ण मालकी हक्क नाही, ती वस्तू तारण म्हणून ठेवून घेण्याचा अधिकार मध्यस्थाला कोठून येणार?

दोन आक्षेप

हा विषय काढला की दोन आक्षेप हमखास ऐकू येतात. पहिला असा की, आपली शिकलेली मुले परदेशी जावीत, यासाठी आपण खटपट का करावी? त्यांनी येथेच राहून देशाची सेवा करावी. आक्षेपामागील भावनेचा मी आदर करतो. पण ज्याच्या बापाने आयुष्यभर परमुलखात कोयता चालवला, त्या मुलाला 'घर सोडू नकोस' असे सांगण्याआधी आपण थोडे अंतर्मुख व्हावे. त्याच्या घराने पोटासाठी घर कधीच सोडले आहे. प्रश्न एवढाच आहे की तो मुकादमाच्या टायरगाडीतून जाणार की स्वतःच्या नावाचे, तारखेचे आणि कराराचे कागद घेऊन ताठ मानेने जाणार. शिवाय जो रीतसर जातो, तो रीतसर परतही येऊ शकतो. जो चोरवाटेने जातो, त्याला आईच्या अंत्यदर्शनालाही येता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उशिराच्या जन्मनोंदी सोप्या केल्या की त्यांतून बनावट नागरिक शिरतात. हा धोका काल्पनिक नाही. मालेगाव व अन्य ठिकाणच्या उशिराच्या जन्मदाखल्यांविषयी तक्रारी आल्यावर राज्य शासनाने जानेवारी २०२५ मध्ये विशेष तपास पथक नेमले आणि मार्चमध्ये नवी, अधिक कठोर कार्यपद्धती आणली. नागरिकत्वाचा प्रारंभ ज्या कागदाने होतो, तो कागद पैशाने मिळता कामा नये, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

पण कठोरतेचा चाबूक कोणाच्या पाठीवर बसतो, हेही पाहिले पाहिजे. बनावट दाखला काढणाऱ्याजवळ पैसा असतो, दलाल असतो, तयार केलेले पुरावे असतात. कोपीत जन्मलेल्या मुलीजवळ यातले काहीच नसते. तिच्याजवळ असते ती आईची स्मृती, संक्रांतीनंतरचे चार दिवस. म्हणून कठोरता आणि न्याय यांचा मेळ घालायचा, तर एकच मार्ग उरतो. उशिराच्या नोंदीची गरजच पडू नये, इतकी वेळेवरची नोंद सार्वत्रिक झाली पाहिजे. खरी नोंद वेळेवर झाली की खोट्या नोंदीला आडोसा राहत नाही. देशाच्या सुरक्षिततेचा आणि गरिबाच्या हिताचा मार्ग येथे एकच आहे.

आता पळवाट उरलेली नाही

ही गोष्ट आज तातडीची का आहे, ते सांगतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा मूळ कायदा १९६९ चा. त्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ती लागू झाली. त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकासाठी शाळाप्रवेश, वाहनपरवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, शासकीय नियुक्ती अशा बाबींत जन्मतारखेचा आधार म्हणून जन्मदाखला आला आहे. पारपत्राचे नियमही २०२५ मध्ये बदलले. या बालकांसाठी जन्मतारखेचा दुसरा कोणताही पुरावा आता चालणार नाही.

याचा अर्थ असा की, माझ्यासारख्या शिक्षकाने लिहिलेला १ जून, जो आजवर चुकीचा असूनही निदान पारपत्रापर्यंत पोहोचवत होता, तो आता कोठेच पोहोचवणार नाही. शिक्षणहक्क कायद्यामुळे वयाच्या पुराव्याअभावी शाळा प्रवेश नाकारणार नाही. पण शाळेच्या पुढचे प्रत्येक दार त्या एका कागदाशी अडेल. या हंगामात फडावर जन्मलेले आणि नोंद न झालेले मूल वीस वर्षांनी आज माझ्याकडे आलेल्या मुलीपेक्षाही अधिक अडचणीत असेल.

नोंदीचा नियम फार सोपा आहे. जन्म जेथे झाला, तेथील ग्रामपंचायतीत वा नगरपालिकेत २१ दिवसांच्या आत माहिती द्यावी. शुल्क लागत नाही, दाखल्याची पहिली प्रतही विनामूल्य मिळते. ३० दिवसांपर्यंत विलंबशुल्क, वर्षाच्या आत वरिष्ठ निबंधकाची परवानगी आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश, असा हा डोंगर चढत जातो. अडचण एकच आहे. 'जन्म जेथे झाला तेथे' हे शब्द ऊसतोड कुटुंबाला आड येतात. आपल्या गावच्या ग्रामसेवकाला ती नोंद घेता येत नाही आणि कारखान्याकडील गावाला हे लोक परके वाटतात. हंगाम संपतो, गाडी परत निघते आणि नोंद तेथेच राहून जाते.

नोंदीने जोडलेली माणसे

एकोणिसाव्या शतकात कोकणातून करारावर मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांची येथे आठवण होते. वसाहतीच्या सरकारने त्यांची नोंद मजुरांच्या मोजदादीसाठी केली होती, त्यात जिव्हाळा मुळीच नव्हता. पण नाव, बापाचे नाव, गाव लिहिलेल्या त्या वह्या आज मॉरिशसच्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत आणि त्यांतून पणतू-खापरपणतू आपले मूळ शोधतात. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही प्रवासी भारतीय नागरिकत्वपत्र मिळू शकेल, अशी घोषणा तेथे केली. सात पिढ्यांनंतर मातृभूमीशी नाते सांगायचे, तर आधार त्या जुन्या नोंदींचाच. परक्यांनी मजुरांची ठेवलेली नोंद सात पिढ्या टिकते आणि आपण आपल्या माणसांची नोंद एका पिढीलाही देऊ शकत नाही, हे आपल्याला शोभणारे नाही.

आपण काय करू शकतो

सगळे शासनावर सोपवून मोकळे होण्याची सवय सोडली, तर करण्यासारखे पुष्कळ आहे. ऊसतोड वस्त्यांवर साखरशाळा चालवणारे, आरोग्यशिबिरे घेणारे कार्यकर्ते आहेत. त्यांनी आपल्या वहीत एक रकाना वाढवावा, या हंगामात वस्तीवर जन्मलेली बालके आणि त्यांची नोंद. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने आणि साखर कारखान्यांनी मिळून गाळप हंगामात वस्तीवरच नोंदणीची व्यवस्था करावी. कारखाना ट्रकभर उसाचे वजन किलोपर्यंत लिहून ठेवतो, त्याच आवारात जन्मलेल्या बालकाची एक ओळ त्याला जड नाही.

गावागावांत वर्षातून एक दिवस कागद-तपासणीचा असावा. शाळेच्या दाखल्यावरील आणि आधारवरील नाव व तारीख जुळते का, एवढेच पाहायचे. मूल शाळेत असेपर्यंत चूक दुरुस्त करणे सोपे असते. शाळा सोडल्यावर तेच काम न्यायालयाच्या पायऱ्यांपर्यंत नेते. निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक आणि तलाठी यांच्यापाशी वेळही आहे आणि या कामाची जाणही आहे. आमच्या पिढीच्या हातून जी चूक झाली, ती निस्तरण्याची जबाबदारीही आमच्याच पिढीने घेतली पाहिजे. आणि परदेशी निघालेल्या प्रत्येक मुलाच्या करारपत्राची, व्हिसाची व पारपत्राची एक प्रत त्याच्या घरी असली पाहिजे. त्यातील मजकूर त्याच्या आईवडिलांना मराठीत समजावून सांगणारा एक तरी माणूस गावात हवा.

सर्वांत महत्त्वाचे काम मात्र घरातले आहे. नामकरण हा आपल्या सोळा संस्कारांपैकी एक. बाराव्या दिवशी बारसे होते, पाळणा सजतो, आत्या कानात नाव सांगते. कायद्याची मुदत २१ दिवसांची आहे, म्हणजे बारशानंतरही नऊ दिवस हाती राहतात. ज्या दिवशी मुलाच्या कानात नाव सांगितले, त्याच दिवशी ते ग्रामपंचायतीच्या वहीतही सांगावे. कानात सांगितलेले नाव कुळाला कळते, वहीत लिहिलेले नाव देशाला कळते. हा रिवाज एकदा रूढ झाला, तर फडावरच्या कोपीतही तो पाळला जाईल, कारण कितीही अडचण असली तरी आपल्या बायाबापड्या बारसे चुकवत नाहीत.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे वाचकांना सांगितले पाहिजे. जन्मनोंदीत नाव लावण्याची १५ वर्षांची मुदत उलटून गेली होती, शासनाने दिलेल्या विशेष मुदतवाढीमुळे ते लावता आले. तारखेचा प्रश्न अजून न्यायालयात आहे. मी तेथे शपथपत्र दिले आहे की, शाळेच्या नोंदवहीतील १ जून ही तारीख कोणताही पुरावा न पाहता मी अंदाजाने लिहिली होती. चाळीस वर्षांच्या शिक्षकी पेशात अनेक कागदांवर स्वाक्षऱ्या केल्या, पण इतकी जड स्वाक्षरी दुसरी झाली नाही. मुलगी पुण्याच्या रुग्णालयात काम करते आहे. निकाल लागला की पुन्हा अर्ज करणार, म्हणते.

गेल्या हंगामात तिच्या भावजयीला कारखान्यावरच मुलगा झाला. बारशाच्या दुसऱ्या दिवशी ही पुण्याहून तेथे गेली, त्या गावच्या ग्रामपंचायतीत दिवसभर बसली आणि दाखला हातात घेऊनच उठली. मला त्याचे छायाचित्र पाठवले. नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, सारे नीट लिहिलेले. जन्मतारीख खरी.